अंदाज वर्तवायचा आणि समजावायचाही

प्रश्न : हवामानशास्त्रात एम.एस्सी. झाले आहे. अंदाज वर्तवणे आणि तो शेतकऱ्यांना सोप्या भाषेत सांगणे, दोन्हींची आवड आहे. सुरुवात कशी करू?

उत्तर : भारतीय हवामान विभागात वैज्ञानिक सहायकांसाठी कर्मचारी निवड आयोगाने २०२२मध्ये परीक्षा घेतली होती, पुढच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा. संशोधनाची ओढ असेल तर पुण्याची भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था (आयआयटीएम) आहेच. पण नोकरीसाठी थांबू नका. रोज उपग्रहचित्रे, रडार पाहून आपल्या जिल्ह्याचा अंदाज लिहा आणि दुसऱ्या दिवशी पडलेल्या पावसाशी ताडून बघा. हा सराव पदवीइतकाच मोलाचा. मुसळधार पावसाचा अंदाज सांगताना नुसते ‘६४.५ मिलिमीटरहून अधिक’ म्हणून भागत नाही. शेतकऱ्याला आज फवारणी करावी का, हे कळायला हवे असते. अंदाज हुकला, तर कारणही सांगा. तुमच्या जिल्ह्यापासून आजच सुरुवात करा.