नऊ ताटांचा आठवडा

आमचं घर मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानातलं. आत्याबाई आणि मामा म्हणजे सासू-सासरे, दोघे भाऊ, आम्ही दोघी जावा आणि तीन पोरं, अशी रोज रात्री नऊ ताटं. दुपारी कुणाचा मेळ कुणाला नसतो. बाप्ये बांधावर फडक्यातली भाकरी सोडतात, पोरं शाळेत खिचडी खातात, मी अंगणवाडीत असते. सगळं घर एका जागी जेवतं ते फक्त रात्री. त्यामुळं दिवसभरात कुणाच्या पोटात काय कमी पडलं, ते भरून काढायची हीच एक वेळ. एवढ्या वर्षांच्या रांधण्यातून जे कळलं, ते इथं मांडते.

१. आठवडा बाजारापासून मोजावा

आमच्या गावचा बाजार गुरुवारी. म्हणून स्वयंपाकघराचा आठवडा गुरुवारी सुरू होतो आणि बुधवारी संपतो. माळवं ज्या क्रमानं खराब होतं, त्याच क्रमानं ते रांधायचं. गुरुवारी रात्री पालेभाजी: मेथी, चुका, तांदुळसा. शुक्रवारी गवार नाहीतर भेंडी. शनिवारी वांगी किंवा दोडका. रविवार-सोमवारी भोपळा, बटाटा, कांदा असलं टिकाऊ. मंगळवारी पिशवीत काही उरत नाही, तेव्हा उन्हाळ्यात घातलेले सांडगे बाहेर निघतात. बुधवारी अंडी, कधी मटण.

एकदा हा क्रम अंगवळणी पडला की ‘आज काय करू’ हा रोजचा घोर संपतो. त्या प्रश्नात बाईचं किती डोकं खर्च होतं, हे ज्या रांधतात त्यांनाच ठाऊक.

२. आधी भाकरीचं बघावं, कोरड्यासाचं मागून

कालवण एखाद्या दिवशी पातळ झालं तर चालतं. भाकरी चांगली नसेल तर माणूस अर्धपोटी उठतो. आमच्याकडे संध्याकाळला दोन किलो पीठ लागतं. एका किलोत मोठ्या दहा भाकरी होतात.

ज्वारी आमच्या घरची, मालदांडी. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेलं मालदांडी ३५-१ हे वाण आमच्या बाजूला आजही लोक हौसेनं पेरतात. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. भाद्रपद-आश्विनात पेरायची आणि पुढं काळ्या मातीनं धरून ठेवलेल्या ओलीवर ती वाढते. दाणा टपोरा आणि चवीला गोड. पण हा दाणाही पीठ जुनं झालं की हार खातो. म्हणून दळण थोडं आणि वरचेवर आणावं, चार-पाच दिवसांत संपेल एवढंच. जुन्या पिठाला जिगट राहत नाही आणि थापताना भाकरीच्या कडा फाटतात.

ज्वारीत गव्हासारखा चिवटपणा नसतो, तो आधणाच्या पाण्यानं आणावा लागतो. काटवटीत पिठाला आळं करायचं, त्यात उकळतं पाणी ओतायचं, उलथन्यानं हलवून दोन मिनिटं तसंच ठेवायचं. मग गार पाण्याचा हात घेत तळव्यानं रगडायचं. या रगडण्यात आळस करू नये. गोळा लोण्यासारखा मऊ झाला की थापायला घ्यायचा. थापलेली भाकरी तव्यावर पिठाची बाजू वर करून टाकायची आणि लगेच पाण्याचा हात सगळीकडून फिरवायचा. आता नजर हलवायची नाही. पाणी ओलं असताना उलटली तर भाकरी तव्याला धरते. पार सुकून गेल्यावर उलटली तर तडकते आणि मग फुगत नाही. पाण्याची चकाकी जाते आणि दमटपणा तेवढा उरतो, त्या घडीला उलटायची. दुसरी बाजू भाजली की चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यासमोर उभी करायची. टम्म फुगून पापुद्रा सुटला म्हणजे आतपर्यंत शिजली.

घरात गॅस आहे आणि आमटी-भात त्यावरच होतात. भाकरीसाठी मात्र आम्ही परसातली चूल पेटवतो. उघड्यावर, कारण बंद खोलीतल्या धुरानं आत्याबाईंचे डोळे आणि छाती दोन्ही खराब केली. चव हवी, पण बाईच्या छातीच्या मोलानं नको.

३. भाजी असो नसो, डाळ रोज हवी

अंगणवाडीत मी हे आयांना सांगते आणि घरी आधी करते. शंभर ग्रॅम ज्वारीत दहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, तुरीच्या डाळीत आणि हुलग्यात त्याच्या दुप्पट. ज्वारीच्या प्रथिनात जे कमी असतं ते डाळीत असतं, म्हणून दोन्ही एका ताटात आली की अंगाला लागतात. आपल्या आज्यांनी हे तक्ते पाहिले नव्हते. पण भाकरी आणि आमटी ही जोडी त्यांनी कधी फोडली नाही.

नऊ माणसांना रात्रीची अर्धा किलो डाळ किंवा कडधान्य आम्ही धरतो. तूर आलटून पालटून येतेच. मटकी बुधवारी रात्री भिजते, गुरुवारी सकाळी फडक्यात बांधली जाते आणि शुक्रवारी संध्याकाळी मोड आलेल्या मटकीची उसळ गवारीच्या जोडीला. हुलगे शिजायला वेळ घेतात, पण थंडीत हुलग्याचं गरम माडगं प्यायलेलं माणूस रात्री रानात पाण्याची दारं धरायला गेलं तरी गारठत नाही.

आणि शेंगांची आमटी. सोलापूर भागाबाहेर हिची माहिती कमी, म्हणून जरा सविस्तर लिहिते. दोन वाट्या शेंगदाणे मंद आचेवर भाजायचे, साल काढून लसूण, जिरं आणि थोडं सुकं खोबरं घालून पाण्याबरोबर गंधासारखे वाटायचे. फोडणीत काळं तिखट घातलं की लगेच वाटण ओतायचं, कारण तिखट करपायला क्षणही पुरतो. मग भरपूर पाणी, मीठ आणि बेतानं उकळी. सुरुवातीला आमटी पांढुरकी आणि फेसाळ दिसते. घाई न करता उकळू दिली की फेस जिरतो आणि वर लाल तेलाचा तवंग येतो. तवंग आला की झाली. डाळ संपलेली असेल त्या रात्री ही आमटी अख्खं घर सांभाळते, आणि त्यात भाकरी चुरून खाताना आमची धाकटी एरवीपेक्षा अर्धी भाकरी जास्त खाते.

४. वर्षाचं धान्य ठेवल्याशिवाय पोतं विकू नये

मामा १९७२ च्या दुष्काळात मिसरूड फुटलेलं पोर होते. खडी फोडायच्या कामावर जायचे. त्या वर्षी परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी आणि कामावर वाटली जाणारी सुकडी खाऊन माणसं जगली. मिलोची भाकरी कशी लागायची हे मामा कधी सांगत नाहीत. काटवटीत सांडलेलं पीठ मात्र आजही बोटानं गोळा करून परत टाकतात.

रास घरी आली की त्यांचा एकच नियम: वर्षाला लागेल तेवढी ज्वारी आणि तूर आधी कोठीत, उरलेलं बाजारात. भाव कितीही चढो. पूर्वी जमिनीत पेव असायचं, आता पत्र्याची कोठी आहे. दाणा कडक उन्हात वाळवायचा, गार करून भरायचा, मधेमधे वाळलेला कडुनिंबाचा पाला घालायचा. बादशहाचं कोठार भुकेल्यांसाठी खुलं करणारे दामाजीपंत आमच्या मंगळवेढ्याचे. त्यांच्या गावची माणसं धान्याला नुसता माल समजत नाहीत, आणि मला याचा अभिमान आहे. कोठी भरलेली असली तर आठवड्याचा बेत बसतो. रिकामी असली तर बेत कसला करणार?

५. लाईटचं वेळापत्रक भिंतीला लावावं

शेतीची लाईट कधी दिवसा असते, कधी रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात दोघे भाऊ वेगवेगळ्या वेळी जेवतात. एक सात वाजताच ताट मागतो, दुसरा मोटर बंद करून मध्यरात्री येतो. अशा आठवड्यात पिठलं करू नये, ते गार झालं की घट्ट होऊन बसतं. आमटी, उसळ, सांडग्यांचं कालवण हे मुरल्यावर आणखी चांगलं लागतं. मध्यरात्री येणाऱ्याची भाकरी ओलसर फडक्यात गुंडाळून दुरडीत ठेवायची, वर दुसरी दुरडी पालथी घालायची. कांदा फोडून, शेंगाचटणी आणि दही शेजारी ठेवायचं. ताट वाढून ठेवलं की बाईला त्याच्यासाठी जागत बसावं लागत नाही. झोप तिलाही हवी.

६. एका घरात दोन मतं सुखानं नांदतात

आत्याबाई माळकरी आहेत. दर वर्षी पंढरीची वारी आणि दर एकादशीला उपास. बुधवारी मटण असलं की ते परसात, वेगळ्या पातेल्यात. आत्याबाईंचं वरण-भात आणि भाकरी आधी करून घेते. त्या कुणाला खाऊ नका म्हणत नाहीत, आणि त्यांच्या भांड्याला कुणी हात लावत नाही. एकादशीला त्यांची भगर आणि शेंगदाण्याची आमटी होते, तेव्हा पोरंही वाटी घेऊन त्यांच्याभोवती बसतात.

७. रांधणारीचं ताट आधी मोजावं

हे सगळ्यात महत्त्वाचं आहे, आणि ते मला आमच्या जाऊबाईच्या गरोदरपणात पुरतं उमगलं. तिला पाचवा महिना होता. तपासणीत रक्त कमी निघालं. आशाताई गोळ्या घेऊन घरी आल्या आणि त्यांनी गोळ्यांच्या आधी एक प्रश्न विचारला, “घरात शेवटी कोण जेवतं?”

कुणी काही बोललं नाही. उत्तर सगळ्यांनाच ठाऊक होतं. बाप्ये जेवायचे, मग पोरं, मग आत्याबाई, आणि मागं आम्ही दोघी. तोवर आमटीच्या पातेल्यात तळाचं पाणी उरलेलं आणि उसळ संपलेली. आम्ही चटणी-भाकरी खाऊन उठायचो. भूक मरायची, पण दिवसभर रानात आणि चुलीपुढं राबलेल्या अंगाला लागणारं त्यात काही नसायचं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी निम्म्याहून जास्त, ५४ टक्के, रक्तक्षय असलेल्या निघाल्या. हा आकडा मी बैठकीत ऐकला तेव्हा मला आमच्या पातेल्याचा तळ दिसला.

त्या रात्री मामा बोलले. ते एरवी स्वयंपाकाच्या गोष्टीत पडत नाहीत. म्हणाले, “सूनबाई, ताटं सगळ्यांची एकदम मांडा. घरात असतील ती सगळी बसल्याबिगर मी घास घेणार नाही.” तेव्हापासून भाकरी सगळ्या भाजून झाल्यावरच ताटं मांडतात. पहिली भाकरी चुलीवरून थेट ताटात पडायची ती मजा गेली, हे खरं. दुरडीतली भाकरी थोडी निवते. पण आमटी नऊ वाट्यांत सारखी वाटली जाते, आणि उसळ कमी असली तर सगळ्यांनाच कमी पडते.

आणखी दोन साध्या गोष्टी आशाताईंनी सांगितल्या, त्याही पाळतो. जेवणाबरोबर लिंबाची फोड, म्हणजे डाळी-पालेभाजीतलं लोह अंगाला लागतं. आणि जेवणाला लागून चहा नाही, कारण चहा ते लोह अडवतो. जाऊबाईच्या गोळ्या तर चालू होत्याच, त्यांना पर्याय नाही. बाळंतपण नीट झालं. ते पोरगं आता दुरडीतली भाकरी पळवण्याइतकं मोठं झालंय.

ज्या घरात सुना मागून जेवतात त्या प्रत्येक घराला माझं कळकळीचं सांगणं आहे: मानपान दुसऱ्या शंभर गोष्टींत ठेवा, पातेल्यात ठेवू नका.

८. भाकरी चार जास्तच कराव्यात

मुद्दाम. सकाळी शिळ्या भाकरीचा फोडणी दिलेला कुस्करा किंवा दही-भाकरी खाऊन पोरं शाळेला जातात. अचानक कुणी पाहुणा आला तरी धावपळ होत नाही. त्यातूनही उरली तर गाईला.

९. आठवड्यातली एक रात्र पोरांच्या हाती द्यावी

थोरला पंधरा वर्षांचा आहे. रविवारी तो आणि त्याचा चुलतभाऊ स्वयंपाक करतात. पहिल्यांदा शेजारच्या बायका कुंपणावरून बघायला आल्या होत्या. आता कुणी येत नाही. पिठलं त्यांना छान जमतं, कारण बेसन पाण्यात आधी कालवून घेतात आणि ओतताना हात थांबवत नाहीत, त्यामुळं गुठळी होत नाही. भात जमतो, डाळ जमते, लसणाची फोडणी जाऊबाईपेक्षा खमंग बसते. भाकरी तेवढी अजून बाकी आहे. आत्याबाई काटवटीपाशी पाट मांडून बसतात आणि थोरल्याचा हात धरून सांगतात, “कडंला दाब, मधी नगं. ती आपोआप फिरंल.” परवा तीन थापल्या, तिसरी अर्धी फुगली. ती मामांनी मागून घेतली.