चित्रपुस्तकातील प्राणी आणि बोधाचा प्रश्न : ‘लिटल बेअर’च्या निमित्ताने

बालसाहित्याची चर्चा करताना आपल्या समीक्षेत ‘संस्कार’ आणि ‘बोध’ हे शब्द जितक्या सहजतेने येतात, तितक्या सहजतेने ‘चित्र’ हा शब्द येत नाही. चित्रांचा उल्लेख झालाच तर तो ‘आकर्षक चित्रांनी पुस्तक सजले आहे’ अशा एखाद्या वाक्यात, आणि तोही परीक्षणाच्या शेवटी. याचा फटका सर्वाधिक बसतो तो प्राण्यांच्या कुटुंबाविषयी व मैत्रीविषयी सौम्य स्वरात बोलणाऱ्या पुस्तकांना. त्यांत बोध जवळपास नसतो. म्हणून ती ‘गोड’ ठरवून बाजूला ठेवली जातात. पदव्युत्तर वर्गात असे पुस्तक चर्चेस घेतले की ‘यात आहे तरी काय?’ असा प्रश्न हमखास येतो. प्रश्न प्रामाणिक आहे. मात्र त्याचे उत्तर केवळ शब्दसंहितेत सापडणारे नाही.

एल्स होल्मेलुंड मिनारिक यांचे ‘लिटल बेअर’ १९५७ मध्ये न्यूयॉर्क येथे प्रसिद्ध झाले. चित्रे मॉरिस सेंडॅक यांची. मिनारिक या मूळच्या डॅनिश. बालपणीच अमेरिकेत आलेल्या आणि पुढे पहिलीच्या मुलांना शिकविणाऱ्या. हे पुस्तक ‘आय कॅन रीड’ या मालेतील पहिले होय. काटेकोरपणे पाहता ते प्रारंभिक वाचनाचे पुस्तक आहे, चित्रपुस्तक नव्हे; परंतु त्यातील अर्थाचा मोठा वाटा चित्रेच उचलतात, म्हणून येथे ते चित्रपुस्तक या नात्यानेच विचारात घेतले आहे.

पुस्तकातील पहिलीच कथा पाहावी. बर्फ पडते आहे, पिल्लाला थंडी वाजते, ते आईकडे काहीतरी घालायला मागते. आई टोपी देते, मग कोट, मग विजार. थंडी काही जात नाही. अखेर आई विचारते की तुला फरचा कोट हवा आहे का, आणि अंगावरचे एकेक कपडे उतरवून त्याला त्याचीच कातडी दाखविते. थंडी पळते. संहितेपुरते पाहिले तर हा एक विनोद आहे. सेंडॅक यांनी मात्र आईला जुन्या वळणाचा घेरदार, पायघोळ झगा घातला आहे आणि पिल्लाला उघडे ठेवले आहे. आईच्या झग्याविषयी संहिता एक अक्षरही उच्चारत नाही. चित्र पाहणाऱ्या मुलाला मात्र ते दिसते, आणि पिल्लाचे मागणे थंडीपुरते राहत नाही : आईच्या अंगावर आहे ते माझ्या अंगावर का नाही, हा त्यातला न उच्चारलेला भाग होय. आई ते मागणे नाकारत नाही. तीन वेळा पुरविते. तुझे तुझ्यापाशी पुरेसे आहे, हे ती चौथ्या खेपेस, आणि तेही सांगून नव्हे तर उतरवून, कळविते.

नीतिकथेतील प्राण्याशी या पिल्लाची तुलना केली म्हणजे भेद स्पष्ट होतो. ‘पंचतंत्रा’तील कावळा, उंदीर, कासव आणि हरीण यांची मैत्री सुंदर आहे, पण ती संकटातील परस्परोपयोगावर उभी आहे, ते प्राणी म्हणजे व्यवहार जाणणारी प्रौढ माणसेच होत. आपल्या चिऊ-काऊच्या गोष्टीत तर पिल्लाचे न्हाऊमाखू हेच दार न उघडण्याचे कारण होते. घरातील माया आणि शेजाऱ्याला नकार या तेथे एकाच कृतीच्या दोन बाजू आहेत. (मराठी मुलाच्या कानावर कुटुंबकथा म्हणून प्रथम पडणारी ही गोष्ट किती कठोर आहे, याकडे आपले क्वचितच लक्ष जाते.) ‘लिटल बेअर’मध्ये वाढदिवसाला आई घरी दिसत नाही, तेव्हा पिल्लू स्वतःच भाज्यांचे सूप शिजविते आणि कोंबडी, बदक व मांजर ते खायला येतात. कोंबडी आणि मांजर एका मेजावर! निसर्गनियम येथे रजेवर आहे. पण आई वाढदिवस विसरली की काय, ही भीती खरी आहे. ती केक घेऊन परतेपर्यंत ही भीती मित्रांच्या सोबतीत निभावली जाते. सौम्यता म्हणजे भीतीचा अभाव नव्हे, हे या कथेवरून दाखविता येते.

तिसरी कथा मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पिल्लू अंतराळवीराचे शिरस्त्राण घालून चंद्रावर निघते, एका लहानशा झाडावरून उडी मारते आणि टेकडीवरून गडगडत खाली येते. (पहिला स्पुटनिक त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सोडला गेला.) मग चंद्रावरही आपल्यासारखेच घर आहे असे ठरवून ते आत जाऊन जेवायला बसते. आई येते आणि अनोळखी असल्याचे सोंग करते : तिचे पिल्लू पृथ्वीवर गेले आहे, तेव्हा त्याचे जेवण या पाहुण्याने घ्यावे. मुलाच्या कल्पनेत शिरण्याची ही कृती प्रेमळ आहे, तशीच धोक्याचीही. आईनेच ओळख नाकारली तर? म्हणूनच खेळ कोण थांबवितो हे पाहावयास हवे. पिल्लूच आईला मिठी मारून, हे पुरे, तू माझी आई आहेस, असे म्हणते. सोंग सुरू करण्याचा आणि संपविण्याचा अधिकार लेखिकेने मुलाकडे ठेवला आहे. आई त्याला ताबडतोब जेवण आणि झोप यांच्याकडे वळविते, हा मिनारिक यांचा नेमकेपणा.

मैत्रीच्या बाबतीत हेच सूत्र आर्नल्ड लोबेल यांनी आणखी पुढे नेले. ‘डेज विथ फ्रॉग अँड टोड’ (१९७९) या पुस्तकाच्या शेवटच्या कथेत फ्रॉग दारावर चिठ्ठी लावून एकटा राहायला जातो. टोडला वाटते, आपलेच काही चुकले. तो जेवण घेऊन कासवाच्या पाठीवरून बेटाकडे निघतो आणि पाण्यात पडतो. फ्रॉग दुःखी नसतोच. टोडसारखा मित्र असल्याच्या सुखाचा विचार करावयास त्याला एकांत हवा होता. येथे कोणी कोणाला संकटातून सोडवीत नाही. उपयोगाविना मैत्री, आणि मैत्रीत एकांताला जागा, हा आशय ‘पंचतंत्रा’च्या चौकटीत बसवू गेल्यास हाती काहीच लागणार नाही.

भाषांतराच्या दृष्टीने एक अडचण येथे नोंदविणे आवश्यक आहे. इंग्रजीत ‘कोट’ हा शब्द माणसाच्या कपड्यासाठी आणि जनावराच्या अंगावरील केसांसाठीही चालतो. पहिल्या कथेची कळ त्यातच आहे. मराठीत कपडा वेगळा आणि लव वेगळी. ‘केसाळ कोट’ म्हटले तर कपडाच डोळ्यांपुढे येतो, ‘अंगावरची लव’ म्हटले तर गुपित आधीच फुटते. आणि भाषांतरकाराने खुलाशाचे एखादे वाक्य जोडले, तर उघड्या पिल्लाचे चित्र जे करीत होते ते काम शब्द करू लागतात.