खुशामत

खुशामत म्हणजे आपले काम काढून घेण्यासाठी दुसऱ्याची केलेली खोटी स्तुती. आमच्या गावात खुशामत असा शब्द कोणी वापरत नाही. लोणी लावणे म्हणतात, हांजी हांजी करणे म्हणतात, नाहीतर हरभऱ्याच्या झाडावर चढवणे म्हणतात. मला हे शेवटचे फार आवडते. हरभऱ्याचे झाड तुम्ही सर्वांनी पाहिले आहे. ते गुडघ्याएवढे असते. चिमणी बसली तरी वाकते. मग माणूस त्याच्यावर कसा चढणार? पण ज्याची खुशामत चालू असते त्याला वाटते, आपण लई उंच गेलो. बाकीच्यांना तो जमिनीवरच दिसतो.

गुरुजींनी वर्गात विचारले, स्तुतीत गोड शब्द आणि खुशामतीतही गोड शब्द, मग ओळखायचे कसे? कोणालाच नीट सांगता येईना. मग गुरुजी म्हणाले, कावळा आणि कोल्ह्याची गोष्ट आठवा. ती सगळ्यांना पाठ आहे म्हणून मी लिहीत नाही. फक्त एवढेच बघा, कोल्ह्याने नुसती पंखांची स्तुती केली असती तर काय झाले असते? कावळा खूश झाला असता, पण चोच मिटलेलीच राहिली असती. कोल्ह्याला चोच उघडायला हवी होती, म्हणून त्याने गळ्याची स्तुती केली. म्हणजे खुशामत करणारा वाटेल त्याची स्तुती करत नाही. त्याला जे हवे असते, तिथेच तो बोट ठेवतो.

आमच्या घरी असेच झाले. माझे चुलते, म्हणजे नाना, बाजारात बैल आणायला गेले होते. बैलाचे वय त्याच्या दातांवरून कळते. बैलाला वरच्या बाजूला पुढचे दात नसतात, खाली आठ असतात. दुधाचे दात पडून पक्के दात जोडीजोडीने येतात. पहिली जोडी साधारण २ वर्षांचा झाल्यावर येते, आणि ५ वर्षांच्या सुमारास आठही पुरे होतात. पुढे ते झिजत जातात. म्हणून बैल घेताना पहिल्यांदा तोंड उघडून दात बघतात. नानांना हे सगळे येते. पण तो हेडी (बैलांच्या व्यापाऱ्याला आमच्याकडे हेडी म्हणतात) नानांना म्हणाला, "नाना, तुमच्यासारखा पारखी या बाजारात दुसरा न्हाई. तुमच्याम्होरं दात काय दाखवायचं? तुमास्नी लांबनं बघूनच कळतंय." नाना हसले आणि लांबूनच बघितले. बैल घरी आणला. आजोबांनी तोंड उघडले, तर आठही दात झिजलेले! औताला जुंपला की तो खालीच बसायचा. त्या वर्षी पेरणीला दुसऱ्यांची बैलजोडी सांगावी लागली आणि आमची पेरणी सगळ्यांच्या मागून झाली. बैल अजून आमच्या दावणीला आहे. फार गरीब आहे, पोरांना मारत नाही. (हे सर्व लिहायला नानांनीच परवानगी दिली आहे.)

त्या हेड्याने नानांच्या पारखीचीच स्तुती केली, आणि नानांनी पारखच केली नाही.

इतिहासातही असे झाले आहे. अफजलखान हा विजापूरच्या आदिलशाहीतला मोठा सरदार. तो धिप्पाड होता आणि शूरही होता. १६५९ साली तो मोठी फौज घेऊन निघाला आणि वाईला तळ देऊन राहिला. वाईचा तो पूर्वी सुभेदार होता, म्हणून तो मुलूख त्याच्या माहितीचा होता. तिथे मोकळी जमीन, कृष्णा नदीचे पाणी. घोडे, हत्ती, तोफा सगळ्यांचा तिथे उपयोग होता. शिवाजी महाराज होते प्रतापगडावर. त्याच्या भोवती जावळीचे दाट जंगल. तिथे तोफा ओढायच्या कशा आणि घोडे पळवायचे कसे?

खानाला वाईतून बाहेर काढायचे होते. महाराजांनी पंताजी गोपीनाथ यांना वकील म्हणून पाठवले. निरोप असा की, महाराज घाबरले आहेत, खान चुलत्यासारखे वडीलधारे आहेत, त्यांनीच जावळीत येऊन भेट द्यावी. खानाला ते खरे वाटले. एवढी चांगली जागा सोडून तो अवघड घाट उतरला आणि जावळीत पार गावाजवळ तळ दिला. भेटीच्या दिवशी, १० नोव्हेंबर १६५९ रोजी, तो पुष्कळ लोक घेऊन निघाला. तेव्हा पंताजी म्हणाले की, शिवाजीराजांसाठी तुम्हाला एवढी माणसे कशाला पाहिजेत? एवढे लोक बघून ते भिऊन परत जातील. मग खानाने लोक मागेच ठेवले. बघा, त्याच्या ताकदीची स्तुती केली आणि ताकद मागे राहिली. पुढे शामियान्यात काय झाले ते सर्वांना माहीत आहेच.

खानाच्या वकिलानेही महाराजांना गोड निरोप आणला होता, की तुमच्या वडिलांची आणि खानाची जुनी ओळख आहे, कोकणची जहागीर मिळवून देतो. महाराजांनी तो ऐकून घेतला, आणि भेटीला जाताना अंगरख्याखाली चिलखत घातले.

यावर वर्गात एका मुलाने विचारले, "गुरुजी, मग महाराजांनीपण खुशामतच केली की!" सगळे गप्प बसले. गुरुजी म्हणाले, तुम्हीच विचार करा. मी दोन दिवस विचार केला. मला वाटते, केली. पण खान चाल करून आला होता आणि ती लढाई होती. नाना काही लढाईला गेले नव्हते. ते पैसे घेऊन विश्वासाने गेले होते.

खुशामत गोड का लागते हेही मी नानांना विचारले. ते म्हणाले, "भुकेल्याला शिळी भाकर बी गोड लागती." पहिल्यांदा मला हे समजले नाही. मग आठवले की नाना पहाटे चारला उठून मोट, औत, गुरे सगळे करतात, पण आजोबा त्यांना कधीच शाबास म्हणत नाहीत. बाजारात तो एक माणूस म्हणाला. मला वाटते, हेड्याला बैलाचे दात कळतात तसे हेही कळत असेल.

आईची स्तुती वेगळी असते. ती म्हणते, "आज भाकरी गोल झाली." भाकरी समोर असते, कोणीही बघावी. आणि करपली असेल तर तेही तीच सांगते.

भित्तिपत्रकाशेजारी गुरुजींनी दोऱ्याला पेन्सिल बांधून ठेवली आहे. पालकांनी आणि मित्रांनी माझ्या लेखाखाली नुसते 'छान' लिहू नये. कोणते वाक्य पटले, कोणते पटले नाही, आणि ऱ्हस्व-दीर्घ कुठे चुकले, ते लिहावे.

(इयत्ता ४ थी)