नाव आधी कुणाचं पुकारायचं?

मैदानाच्या कडेला मामा माती चाळत उभे होते. तिरकी टेकवलेली चाळण, दोन घमेली आणि बाजूला वेचलेल्या खड्यांचा ढीग. सांगलीजवळच्या या मैदानावर पस्तीस वर्षं ते पोरांना कबड्डी शिकवतायत. मी मुंबईत एका क्रीडावाहिनीत नोकरी करते. सध्या आमच्या बैठकांमध्ये एकच विषय आहे : खेळाडूंचा लिलाव लोक टीव्हीवर आवडीनं बघतात, तर मग तो चालावा कसा, हे त्यांच्या आवडीवरून ठरवावं का? मला दोन्ही बाजू पटतात आणि त्यानं झोप लागत नाही. म्हणून मामांकडं आले, एक घमेलं पालथं घातलं आणि त्यावर बसले.

मी : मामा, सरळच विचारते. लोकांना लिलाव बघायचाय, तर तो लोकांच्या सोयीनं का करू नये?

मामा : सोय म्हणजे काय ते आधी सांग. रात्री आठला सुरू करायचा? कर. माणसं कामावरून आलेली असतील, जेवता जेवता बघतील. पण नाव आधी कुणाचं घ्यायचं आणि कुणासाठी किती वेळ थांबायचं, हे जर त्या सोयीत येत असेल, तर मला बोलावं लागेल.

मी : नेमकं तेच येतं. मोठे रेडर पहिल्या तासात आले, की लोक जागचे हलत नाहीत.

मामा : चढाईपटू म्हण. आपल्याच खेळातला शब्द आपल्याच पोरीच्या तोंडी नसावा? चढाई, पकड, लोण, हे सगळे शब्द या मातीतून उगवलेत. सामना बघताना ते कानावर पडले नाहीत, की माझा जीव कासावीस होतो.

मी : चढाईपटू. आता सांगा, आधी आले तर बिघडलं कुठं?

मामा : लिलावात क्रम म्हणजेच पैसा असतो, हे तुमच्या बैठकीत कुणी बोललं का? २०२३ च्या प्रो कबड्डीचा हिशेब घे. प्रत्येक संघाला खर्चायला ५ कोटी. संघात कमीत कमी अठरा खेळाडू हवेत. पवन सेहरावतला तेलुगू टायटन्सनं किती दिले?

मी : २ कोटी ६० लाख ५० हजार.

मामा : राहिले २ कोटी ३९ लाख ५० हजार. ते सतरा जणांत वाट. माणशी चौदा लाख आणि वर चिल्लर. थैली भरलेली असते तेव्हा हात सैल सुटतो. ज्याचं नाव पहिल्या तासात येतं, त्याच्यावर भरल्या थैलीनं बोली लागते. ज्याचं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी येतं, त्याच्या वाट्याला उरलंसुरलं. कधी उलटंही होतं, हे कबूल करतो. चांगला कोपरारक्षक एकच उरतो, दोन संघ त्याच्यावर अडतात आणि भाव चढतो. पण कसंही झालं तरी भाव क्रमानं हलतो. आणि तो क्रम तुम्ही ठरवणार कशावरून, तर प्रेक्षक खुर्चीत किती वेळ बसेल त्यावरून!

मी : आयपीएलमध्येही नामवंतांचा गट पहिला येतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दाला पहिल्याच गटात श्रेयस अय्यरवर २६ कोटी ७५ लाखांची बोली लागली आणि त्याच गटात ऋषभ पंतवर २७ कोटींची. प्रत्येक संघाची एकूण मर्यादा १२० कोटींची होती.

मामा : क्रिकेटचं क्रिकेटवाले बघतील. तिथं थैली मोठी आहे, निदान तळाशी काही उरतं. इथं सगळ्यात खालच्या गटातल्या पोराची बोली नऊ लाखांपासून सुरू होते. ते नऊ लाख म्हणजे त्याच्या घराचं छप्पर असतं.

(मैदानाच्या पलीकडं एक पोरगा ओली माती घमेल्यानं वाहत होता. मामांनी त्याच्याकडं एकदा बघितलं आणि पुन्हा चाळण हलवली.)

मी : पण मामा, ते नऊ लाख आले कुठून? टीव्हीवर बघणाऱ्यांमुळंच ना? २०१४ च्या पहिल्या लिलावात सगळ्यात मोठी बोली राकेश कुमारवर लागली, १२ लाख ८० हजार. चारच वर्षांत मोनू गोयतला १ कोटी ५१ लाख मिळाले. ज्याच्या जिवावर हे चाललंय, त्याला विचारायचंच नाही?

मामा : टीव्ही आला म्हणून पोरांच्या हातात पैसा आला, यात मला शंका नाही. चंदगड तालुक्यातला सिद्धार्थ देसाई, २०१९ मध्ये १ कोटी ४५ लाखांना गेला. आमच्या काळात असा पोरगा फार तर बँकेत नाहीतर पोलिसांत खेळाडू म्हणून चिकटला असता, आणि तेही नशीब म्हणावं लागलं असतं. मॅटवर खेळायला लागले तेव्हा मला वाईट वाटलं. मातीत पडलेला पोरगा वेगळा उठतो, हे मी आजही सांगतो. तीस सेकंदांची चढाई आली, दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण घे नाहीतर बाद हो, असा नियम आला. बघणाऱ्यासाठीच केले हे नियम. पण ते दोन्ही संघांना सारखे लागू. म्हणून मी गप्प बसलो. क्रमाचं तसं नाही. तो एकाला देतो आणि दुसऱ्याचं काढून घेतो.

मी : माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही.

मामा : देतो. आधी एक सांगू दे, बरेच दिवस सांगायचं राहिलंय. मी बावीस वर्षांचा असताना जिल्ह्याच्या संघाची निवड चाचणी झाली. दोन दिवस खेळलो. सतरा चढाया केल्या, त्यातल्या अकरांत गुण आणले. वहीत लिहून ठेवलंय. संध्याकाळी निवड करणारे एका खोलीत गेले, दार लावलं. आम्ही बाहेर पायरीवर. दीड तासानं कागद आला. बारा नावं. माझं नव्हतं. का नव्हतं, ते त्या दिवशी कळलं नाही आणि आजही कळलेलं नाही. नाव असलेल्यांपैकी एकानं दोन दिवसांत चारच चढाया केल्या होत्या. त्या खोलीत कॅमेरा असता, तर मला काय हवं होतं? संघात जागा मिळाली नसती तरी चाललं असतं. कारण कळलं असतं.

मी : म्हणजे तुम्ही टीव्हीच्या बाजूचे निघालात.

मामा : बघण्याच्या बाजूचा आहे. दार उघडं पाहिजे, यादी आधी छापली पाहिजे, नियम सगळ्यांना कळले पाहिजेत. पण आतल्या माणसांना बाहेरची गर्दी घाई करायला लागली, तर उघड्या दाराचा उपयोग काय?

मी : अमेरिकेत हे सगळं होऊन गेलंय. त्यांच्या फुटबॉलमध्ये लिलाव नसतो, ड्राफ्ट असतो. आदल्या हंगामात तळाला राहिलेला संघ नवीन पोरांमधून सगळ्यात आधी निवडतो. फिलाडेल्फियाच्या बर्ट बेलची ही कल्पना. श्रीमंत संघच सगळे चांगले खेळाडू पळवायचे, ते थांबावं म्हणून. पहिला ड्राफ्ट १९३६ मध्ये एका हॉटेलात झाला.

मामा : १९३६! त्याच वर्षी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची माणसं बर्लिनला जाऊन आपली कबड्डी दाखवून आली. शाळेतल्या पोरांना विचार, एकाला तरी माहीत आहे का! असो. पुढं सांग.

मी : १९८० मध्ये ईएसपीएननं ड्राफ्ट थेट दाखवायची परवानगी मागितली. संघमालकांना ते नको होतं, पण लीगचे प्रमुख पीट रोझेल यांनी होकार दिला. पुढं प्रेक्षक वाढले, तो शनिवार-रविवारी व्हायला लागला. २०१० पासून पहिली फेरी गुरुवारी रात्री आणि एकूण तीन दिवस.

मामा : आणि त्यानं खेळाचं काय झालं?

मी : एक गोष्ट चांगलीच झाली. पहिली फेरी संपल्यावर मध्ये एक रात्र मिळते. संघ शांत बसून उरलेल्या नावांचा पुन्हा विचार करतात, आपापसात निवडीच्या पाळ्या बदलून घेतात. टीव्हीसाठी केलेल्या बदलानं विचाराला वेळ मिळाला.

मामा : (चाळण थांबवून) हे मला ठाऊक नव्हतं. म्हणजे वेळ बदलल्यानं दरवेळी नुकसानच होतं असं नाही. वेळापत्रक प्रेक्षकाला द्या, माझी ना नाही. तो पोरगा आज निवडला गेला काय आणि उद्या काय, ड्राफ्टमध्ये त्याची पाळी त्यानं हलत नाही.

मी : वाईटही झालं. २००५ मध्ये ॲरन रॉजर्स नावाचा खेळाडू ड्राफ्टसाठी न्यूयॉर्कला आला, पहिल्या काहींत आपलं नाव येईल म्हणून. एकामागून एक संघ दुसरीच नावं घेत गेले. त्याचं नाव चोविसावं आलं. तोवर कॅमेरा पुन्हा पुन्हा त्याच्या चेहऱ्यावर.

मामा : ते दाखवू नका. त्या मुलाची आई घरी बघत असते. लिलाव करणारा काय बोलतो ते दाखवा, संघांची टेबलं दाखवा. वाट बघणाऱ्याचा चेहरा ही काय बघायची गोष्ट आहे? हे मात्र तुझ्या वरिष्ठांना माझं नाव घेऊन सांग.

मी : सांगते. पण मामा, पैसा प्रेक्षकांचा...

मामा : पुन्हा तिथंच आलीस! बरं, ऐक. प्रेक्षक पैसे कशाचे देतो? खेळाचे. ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत भारत-इराण अंतिम सामना झाला. पवनच्या एका चढाईवरून केवढा वाद, खेळ किती वेळ बंद! भारत ३३-२९ जिंकला. तारीख सात. नऊ तारखेला मुंबईत प्रो कबड्डीचा लिलाव. सगळ्यात मोठ्या दोन बोली कुणावर? पवनवर, आणि त्या सामन्यात समोर उभ्या असलेल्या इराणच्या शादलुईवर, २ कोटी ३५ लाख. दोघंही त्या तोलाचेच आहेत, त्यांचा भाव मी कमी करत नाही. पण त्या हंगामात झालं काय?

मी : टायटन्स शेवटचे आले. पुणेरी पलटण जिंकली.

मामा : पुण्यानंही शादलुईवर मोठी रक्कम लावलीच होती. पण त्यांचा कर्णधार कोण? आपल्या नगरचा अस्लम इनामदार. चढाईला नाशिकचा आकाश शिंदे. ही पोरं पुण्यानं कोवळ्या वयात उचलली आणि घडवली, कुणी पहिल्या तासात टाळ्या वाजवून विकत घेतलेली नव्हती. अंतिम सामना २८-२५ असा झाला. तो ज्यांनी बघितला ते प्रेक्षक आहेत ना? त्यांना चुरस हवी होती, ती मिळाली. ती चुरस लिलावाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ठरते, जेव्हा तुमचे निम्मे प्रेक्षक उठून गेलेले असतात. प्रेक्षकाचं खरं मागणं हंगामातल्या सामन्याचं असतं. तुम्ही त्याचं लिलावातल्या तासाभराचं ऐकता.

मी : हे पटलं. अर्धं पटलं. कारण कार्यक्रमच कुणी बघितला नाही, तर हंगामातल्या सामन्याला जाहिरात कोण देणार? आणि प्रो कबड्डीत तर २०१५ पासून मोठा हिस्सा प्रसारकाकडंच गेला.

मामा : म्हणून तर जबाबदारी जास्त. मी सांगतो तसं करून बघा. एका गटातल्या नावांच्या चिठ्ठ्या करा, सगळ्यांच्या देखत काढा. कॅमेऱ्यासमोर. पवनचं नाव पहिलं येईल की चाळिसावं, कुणालाच माहीत नसेल. मग बघू कोण खुर्चीतून उठतं ते!

मी : अमेरिकेतल्या बास्केटबॉलवाल्यांनी १९८५ मध्ये असंच केलं. टीव्हीवर पाकिटं काढली, पहिली पाळी न्यूयॉर्कला मिळाली, पॅट्रिक यूइंग त्यांच्याकडं गेला. काढणाऱ्याच्या हाताला कळावं म्हणून पाकीट आधीच थंड करून ठेवलं होतं, अशी शंका लोक आजही काढतात.

मामा : काढू देत. शंका काढायला त्यांनी काहीतरी बघितलं होतं. मी त्या पायरीवर बसून काय बघितलं? बंद दार.

मी : आता ते पाकिटांऐवजी चेंडू काढतात, तेही वेगळ्या बंद खोलीत. संघांचे प्रतिनिधी आणि पत्रकार आत बसतात, टीव्हीवर फक्त निकाल सांगतात.

मामा : साक्षीदार आत बसलेत ना, मग तेही चालेल. पण खोलीबाहेर पोरगा असेल, तर त्याला कुणीतरी येऊन सांगितलं पाहिजे.

(तो पोरगा घमेलं घेऊन आमच्यापाशी आला होता. मागं एका लिलावाच्या यादीत त्याचं नाव होतं. दोन दिवस तो घरी मोबाइल धरून बसला होता, आणि त्याचं नाव पुकारलंच गेलं नाही. मी त्यालाच विचारलं : तुझं नाव कधी पुकारलेलं आवडलं असतं, आधी की नंतर?)

तो : ताई, आधी-नंतरचं काय नाही. नाव घेणारच नाहीत, हे सकाळी कळलं असतं तर दुपारी उसाच्या तोडीवर गेलो असतो. दोन दिवसांची हजेरी बुडली.

मामांनी त्याच्या हातातलं घमेलं घेतलं आणि माती चाळणीवर ओतली. मी वही काढली आणि उद्याच्या बैठकीसाठी पहिली ओळ लिहिली : कुठली नावं पुकारली जाणार नाहीत, ते लिलावाच्या दिवशी सकाळी कळवावं.