निरनिराळ्या संगणकांमधील फायलींची देवघेव

इ. स. १९७७ नंतर घरगुती वापराचे अनेक संगणक बाजारात आले. ॲपल-टू (१९७७), बीबीसी मायक्रो (१९८१) व कमोडोर ६४ (१९८२) ही त्यांपैकी ठळक नावे होत. भारतातील शाळांसाठी १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘क्लास’ प्रकल्पात बीबीसी मायक्रोच वापरण्यात आला. त्या काळचा मजकूर आज वाचावयाचा झाल्यास तीन अडचणी क्रमाने सोडवाव्या लागतात.

१. तबकडी : सव्वापाच इंची फ्लॉपी सर्वत्र सारखीच दिसे, परंतु आखणी भिन्न असे. कमोडोरचे १५४१ हे यंत्र एका बाजूवर ३५ वर्तुळे आखी व बाहेरील वर्तुळांत अधिक खंड पाडी. आयबीएम पीसीच्या ३६० किलोबाइट तबकडीवर प्रत्येक बाजूस ४० वर्तुळे व प्रत्येकात ९ खंड असत. वही एकच, पण रेघा निराळ्या, असा हा प्रकार होय. म्हणून एकाची तबकडी दुसऱ्यास सहसा वाचता येत नसे.

२. तार : यावरील सोपा उपाय म्हणजे दोन्ही संगणक तारेने जोडणे. एकाची पाठविण्याची तार दुसऱ्याच्या घेण्याच्या तारेस व भू-तार भू-तारेस जोडतात. वेग दोहोंकडे समान ठेवावा लागतो. सेकंदास १२०० बिटे हा वेग व प्रत्येक अक्षरास १० बिटे धरल्यास ३६,००० अक्षरे जाण्यास पाच मिनिटे लागतात. वाटेत चूक होऊ नये म्हणून वॉर्ड ख्रिस्टेनसेन यांनी १९७७ मध्ये ‘एक्समोडेम’ ही पद्धत तयार केली. तीत मजकूर १२८ बाइटांच्या तुकड्यांनी जातो. प्रत्येक तुकड्यासोबत त्याची बेरीज असते. ती न जुळल्यास तोच तुकडा पुन्हा मागविला जातो. कोलंबिया विद्यापीठात १९८१ मध्ये याच हेतूने ‘कर्मिट’ पद्धती निर्माण झाली.

३. अक्षरसंकेत : फाईल सुखरूप पोहोचली तरी ती वाचता येईलच असे नाही. ओळ संपल्याची खूण काही यंत्रांवर १३, काहींवर १०, तर एमएस-डॉसमध्ये १३ व १० अशी जोडीने असे. मराठीत ही अडचण अधिक जाणवते. अनेक जुन्या मराठी फाँटांचे संकेत परस्परांहून भिन्न होते. फाँट बदलताच शब्दांऐवजी निरर्थक चिन्हे दिसतात. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे मानक १९९१ मध्ये ठरले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरीचा समावेश होता.

शाळा वा ग्रामपंचायतीच्या कपाटात जुन्या तबकड्या असल्यास प्रथम कडेची खाच चिकटपट्टीने झाकावी, म्हणजे तीवर चुकून लेखन होणार नाही. नंतर प्रत काढून ती पडताळावी. जुन्या फाँटाचे नाव टिपून ठेवावे व युनिकोडमधील रूपांतर प्रतीवरच करावे. चुंबकीय लेखन काळाच्या ओघात क्षीण होते. म्हणून हे काम लांबणीवर टाकू नये.