आजाऱ्याजवळ बसणाराची वास्तपुस्त



घरांत कोणी अंथरुणास खिळलें, म्हणजे येणारा-जाणारा प्रथम आजाऱ्याची चौकशी करितो. जेवण जातें कां, झोप लागते कां, औषधाचा गुण आला कां, असें विचारून तो धीराचे दोन शब्द बोलतो, आणि तें योग्यच आहे. परंतु त्याच घरांत आणखी एक माणूस असतें. पाहुण्यास पाणी देणें, त्याच्या प्रश्नांचीं उत्तरें देणें, आणि तो गेल्यावर पुन्हा आजाऱ्याची कूस बदलणें, हें सर्व त्याच्याकडे असतें. त्याला झोप मिळते कीं नाहीं, हें बहुधा कोणी विचारीत नाहीं. आजच्या पाठांत आम्ही त्या माणसाचा विचार करणार आहों.

घोटीच्या आसपासच्या खेड्यांत पाऊस फार व मुख्य पीक भाताचें. आवणीच्या दिवसांत घरोघरच्या स्त्रिया सकाळपासून चिखलांत वांकून असतात. ज्या घरीं अर्धांगवायूचा, कर्करोगाचा, म्हातारपणच्या बुद्धिभ्रंशाचा किंवा मनाच्या दीर्घ दुखण्याचा रोगी आहे, तेथील सून किंवा मुलगी पहाटे त्याचें अंथरूण बदलून शेतावर जाते, दुपारीं घरीं येऊन त्याला भरविते, पुन्हा शेत गांठते, आणि रात्रीं दोन-तीन वेळां उठते. पंधरा दिवस, महिना हें निभतें. वर्ष-दोन वर्षें चाललें, म्हणजे शरीरही झिजतें आणि मनही झिजतें.

ओळखावें कसें?

साधा थकवा एका रात्रीच्या झोपेनें उतरतो. हा उतरत नाहीं. हा मुख्य भेद लक्षांत ठेवावा. त्याच्या खुणा अशा:

पहिली, झोपावयास वेळ मिळाला तरी झोप लागत नाहीं, आणि डोकें, पाठ, कंबर सतत दुखते. दुसरी, क्षुल्लक कारणावरून आजाऱ्यावर राग येतो व मागाहून पश्चात्ताप होतो. तिसरी, स्वतःचें जेवण व स्वतःचीं औषधें चुकूं लागतात. चौथी, बाजार, माहेर, उपासना, शेजारणीकडे घटकाभर बसणें, हें एकेक करून सुटत जातें. पांचवी, मन बधिर होतें. पूर्वी ज्याच्या कण्हण्यानें डोळे भरून येत, त्याचें आतां कांहींच वाटत नाहीं. सहावी, ‘हे एकदांचे सुटतील तर बरें’ असा विचार मनांत येऊन जातो, आणि मग आपण फार वाईट आहों असें वाटून तें माणूस कोणाशीं बोलेनासें होतें.

या सहाव्या खुणेविषयीं स्पष्ट सांगितलें पाहिजे. असा विचार येणें म्हणजे माया आटली असें नव्हे. एकट्यानें फार दिवस भार वाहणाऱ्या पुष्कळांच्या मनांत तो येतो. ऐकणारानें दचकूं नये व दोष देऊं नये. मात्र आजाऱ्यावर हात उचलला जात असेल, किंवा सेवा करणारास स्वतःचा जीव नकोसा झाला असेल, तर त्याच दिवशीं मदत आणावी.

भार कशानें वाढतो?

आपण समजतों कीं, दुखणें जितकें कठीण तितका सेवा करणाराचा भार अधिक. अमेरिकेंत स्टीव्हन झॅरिट व त्यांचे सहकारी यांनीं बुद्धिभ्रंश झालेल्या २९ वृद्धांच्या नातलगांचा अभ्यास करून १९८० सालीं तो प्रसिद्ध केला. त्यांत असें दिसलें कीं, नातलगांना वाटणारा भार रोग्याच्या त्रासदायक वागण्यावर अवलंबून नव्हता. ज्या घरीं इतर आप्त अधिक वेळां भेटीस येत, तेथें भार कमी वाटे. अभ्यास लहान होता. पण त्यांतील बोध खेड्यांतील मंडळीनें मनावर घेण्याजोगा आहे. रोग बरा करणें आपल्या हातीं नसेल. पण त्या घराचा उंबरठा ओलांडणें आपल्या हातीं आहे.

महाराष्ट्रांतही याचें उदाहरण आहे. डॉ. जगन्नाथ वाणी हे कॅनडांतील कॅलगरी विद्यापीठांत प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीस छिन्नमनस्कता, म्हणजे स्किझोफ्रेनिया, हा मनाचा विकार जडला, आणि त्यांनीं त्यांची अनेक वर्षें शुश्रूषा केली. त्या अनुभवांतून पुणें येथें ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ ही संस्था उभी राहिली. तेथें रोग्यांचे नातलग एकत्र बसून आपापल्या अडचणी एकमेकांस सांगतात. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ (२००४) या मराठी चित्रपटांतही असा एक भाऊ व त्याला सांभाळणारी बहीण यांची कथा आहे. बहिणीच्या संसारावर पडणारा ताण त्यांत दिसतो.

केरळांत गेल्या शतकाच्या अखेरीपासून गांवोगांवीं असे स्वयंसेवक तयार झाले, कीं जे थोडें शिक्षण घेऊन आठवड्यांतून निदान दोन तास दीर्घ आजाऱ्यांच्या घरीं देतात. दोन तास म्हणजे कांहीं मोठें दान नव्हे. पण अनेकांचे दोन-दोन तास मिळून एका घराला पुष्कळ विसांवा मिळतो.

मदत मागणें कमीपणाचें आहे काय?

कित्येक जण म्हणतात, ‘सासऱ्यांची सेवा सुनेनेंच करावयाची, लोकांस बोलाविलें तर नांवें ठेवतील.’ कोणी म्हणतात, ‘देवावर भरंवसा असला तर शीण कां यावा?’ इथ्रोनें मोशेला कामाची वांटणी करावयास लाविलें, तें मोशेचा विश्वास उणा होता म्हणून नव्हे. एका माणसाचें बळ किती, हें त्यानें ओळखिलें होतें. थकलेल्या हातांकडून आजाऱ्याचीही हेळसांड होते. म्हणून मदत घेणें हें आजाऱ्याच्याच हिताचें आहे.

काय करावें?

भेटीस जाणारानें आजाऱ्याशीं बोलून झाल्यावर घरच्या बाईस निराळें विचारावें: ‘वहिनी, तुम्हांला रात्रीं झोप मिळते कां? तुम्ही जेवलांत कां?’ ‘कांहीं लागलें तर सांगा’ एवढें म्हणून निघूं नये. थकलेलें माणूस सहसा सांगत नाहीं. ‘बुधवारीं दुपारीं मी दोन तास बाबांजवळ बसतें, तुम्ही निजा,’ असा वार व वेळ ठरवून सांगावें, आणि तो वार चुकवूं नये. कोणी पाणी भरावें, कोणी डबा द्यावा, कोणी औषधें आणावीं. घरांतील पुरुषांनींही रात्रीची पाळी वांटून घ्यावी. आजाऱ्याची सेवा हें केवळ स्त्रियांचें काम नव्हे.

सेवा करणारानें आजाऱ्यास उचलण्याची व कूस बदलण्याची रीत परिचारिकेकडून शिकून घ्यावी. पुष्कळशी कंबरदुखी त्यानें टळते. गांवच्या आशाताईंस घरची स्थिति सांगावी. कर्करोगाच्या रोग्यांसाठीं पुण्यांत वारजे येथें सिप्ला संस्थेचें केंद्र आहे. तेथें १९९७ पासून रोग्याची विनामूल्य सेवा होते व नातलगांसही शुश्रूषा शिकवितात. मन फार खचलें असेल, तर सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेस १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनि करावा. ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजीं सुरू झाली. ती विनामूल्य असून रात्रंदिवस चालते, व मराठींत बोलतां येतें. खर्चाची ओढाताण असेल, तर श्रावणबाळ व संजय गांधी निराधार या योजनांविषयीं तहसील कचेरींत चौकशी करावी.

विचारार्थ प्रश्न

१. आपल्या गांवांत दीर्घ आजारी माणूस कोणकोणत्या घरीं आहे, आणि तेथें रात्रीं कोण जागतें?

२. त्या माणसास गेल्या महिन्यांत एक दिवस तरी विसांवा मिळाला काय?

३. वर सांगितलेल्या सहा खुणांपैकीं कोणत्या आपणांस तेथें दिसतात?

४. येत्या आठवड्यांत आपल्यापैकीं कोण, कोणत्या वारीं, कोणत्या घरीं दोन तास बसेल? नांवें लिहून घ्यावीं, व पुढील सभेंत तीं वाचून दाखवावीं.