थंडीच्या सकाळीं सुरू न होणारें जुनें डिझेल एंजिन: दोष कसा शोधावा

मार्गशीर्ष लागला कीं कुंडलच्या बागायती भागांत ऊसतोडीला भर येतो. पहांटे टोळी फडांत उतरते, मोळ्या बांधून तयार होतात, आणि ट्रेलर जोडलेला जुना ट्रॅक्टर मात्र जागचा हालत नाहीं. सेल्फ घरघरतो, बॅटरी उतरत जाते, आणि शेवटीं चार माणसें ढकलावयास लागतात. पुष्कळ बागायतदार तर रोज रात्रीं ट्रॅक्टर उतारावरच उभा करून ठेवतात. हा उपाय सोपा खरा. परंतु त्यानें दोष दूर न होतां झांकला मात्र जातो, आणि ऐन गळिताच्या दिवसांत तो दुप्पट खर्चानें उघडा पडतो. तोडलेला ऊस जितका वेळ पडून राहील तितकें त्याचें वजन घटतें, हें वाचकांस आम्हीं सांगावयास नको.

या लेखांत आम्हांस मुख्यतः एकच गोष्ट सांगावयाची आहे. आपल्याकडील थंडी हें या दुखण्याचें कारण नव्हे. ती दुखणें उघड करणारी कसोटी आहे. पारा दहा-बारा अंशांवर उतरला म्हणून निरोगी डिझेल एंजिन अडत नाहीं. अडलें तर कोठें तरी दोष आहे असें समजावें, आणि तो स्वस्त तपासणीपासून महाग तपासणीकडे, अशा क्रमानें शोधावा.

थंडी काय करते?

रुडॉल्फ डीझेल यांचें एंजिन १८९७ सालीं जर्मनींतील आउग्सबुर्ग येथें यशस्वी ठरलें. त्यांत ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा सुमारें सोळा ते वीस पट दाबली म्हणजे ती अतिशय तापते आणि त्या तापलेल्या हवेंत उडविलेलें डिझेल आपोआप पेटतें. डिझेल सुमारें २१० ते २५० अंशांवर स्वतः पेट घेतें. सतरा पट दाबलेल्या हवेचा साधा हिशेब केला, तर दुपारची ३० अंशांची हवा सुमारें ४३० अंशांपर्यंत आणि पहांटेची १० अंशांची हवा सुमारें ३९० अंशांपर्यंत तापते. म्हणजे थंडीनें चाळीस-पन्नास अंश कमी झाले तरी पेट घेण्यास पुरेशी उष्णता शिल्लक राहते. परंतु दाबलेली हवा रिंगांवाटे निसटत असेल, किंवा एंजिन फार सावकाश फिरत असल्यामुळें उष्णता गार भिंतींत मुरत असेल, तर ही शिल्लक संपते. दुपारीं जो दोष खपून जातो तो पहांटे खपत नाहीं, याचें कारण हेंच.

आपल्या भागांतील वडील मंडळींस हें तत्त्व हातानें ठाऊक आहे. १९१० सालीं कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं कारखाना उभारला. पुढें १९४६ मध्यें पुण्यास किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही कंपनी निघाली, आणि विहिरीविहिरींवर डिझेल एंजिनें धडधडूं लागलीं. तीं हँडल मारून सुरू करावीं लागत. खटका उचलून दाब मोकळा करावयाचा, चाकाला भरपूर वेग द्यावयाचा, आणि मग खटका सोडावयाचा. वेग कमी पडला कीं एंजिन हुंकार देऊन थांबे. ट्रॅक्टरच्या सेल्फचें काम त्या हँडल मारणाऱ्या हाताचेंच आहे.

पहिली तपासणी: फिरण्याचा वेग

प्रथम कानानें ऐकावें. सेल्फ मारतांना एंजिन झपाट्यानें फिरतें, कीं ओझें ओढल्यासारखें कण्हत फिरतें? मिनिटास दीडशे ते अडीचशे फेरे होत असतील तर वेग पुरेसा समजावा. शंभरांच्या खालीं गेला तर बाकीचें सर्व ठीक असूनहि एंजिन लागणें कठीण.

वेग कमी असेल तर व्होल्ट मोजण्याचें साधें मीटर घ्यावें. रात्रभर स्वस्थ राहिलेली चांगली बारा व्होल्टची बॅटरी सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते. सेल्फ चालू असतांना आंकडा दहाच्या खालीं घसरला तर बॅटरी उतरलेली अथवा जुनी झालेली आहे, किंवा सेल्फच जादा वीज खात आहे. आंकडा चांगला राहूनहि वेग कमी असेल तर वायरांकडे वळावें. मीटरचें एक टोंक बॅटरीच्या ऋण खुंटीवर व दुसरें एंजिनच्या उघड्या लोखंडावर धरून सेल्फ मारावा. अर्ध्या व्होल्टपेक्षां अधिक आंकडा आला तर अर्थिंगच्या जोडांत गंज आहे. मीटर नसल्यास दहा सेकंद सेल्फ मारून लगेच प्रत्येक जोडाला हात लावून पाहावा. जो जोड तापला तोच दोषी. खुंट्या घांसून घट्ट करण्यास पैसा लागत नाहीं.

एंजिनमधील तेलहि पाहावें. उत्पादकानें सांगितल्यापेक्षां जाड तेल घातलें असेल तर पहांटे तें गुळासारखें घट्ट होऊन फिरण्यास अडथळा करतें.

दुसरी तपासणी: धूर

वेग चांगला आहे, तरीहि एंजिन लागत नाहीं, अशा वेळीं एका माणसानें सेल्फ मारावा व दुसऱ्यानें धुराड्याकडे पाहावें. ही तपासणी फुकट आहे आणि सर्वांत अधिक बोलकी आहे.

धूर मुळींच नाहीं, याचा अर्थ डिझेल सिलिंडरपर्यंत पोंचत नाहीं. पांढुरका, डोळ्यांस झोंबणारा, डिझेलच्या वासाचा धूर असेल, तर डिझेल पोंचतें पण पेटत नाहीं. काळा धूर म्हणजे हवा अपुरी किंवा डिझेल फाजील. अशा वेळीं प्रथम एअर क्लीनर पाहावा. निळसर धूर म्हणजे एंजिनचें तेल जळत आहे. पांढऱ्या धुराला डिझेलचा वास नसेल व रेडिएटरमधील पाणी रोज घटत असेल, तर हेडच्या गॅस्केटचा संशय घ्यावा.

धूर नसेल तर डिझेलची वाट पाहावी

एंजिन बंद करण्याची ओढ पुरती मागें गेली आहे कीं नाहीं, हें आधीं पाहावें. अर्धवट अडकलेल्या तारेनें पुष्कळांस फसविलें आहे. त्यानंतर टाकीचा कॉक, टाकीच्या झांकणाचें हवेचें भोंक, गाळणी व तळाशीं सांचलेलें पाणी पाहावें.

परंतु जुन्या गाड्यांत खरा चोर बहुधा निराळा असतो. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या नळींत डिझेल ओढलें जातें. तेथें केसाएवढी चीर असली तरी डिझेल बाहेर गळत नाहीं, म्हणून ती दिसत नाहीं. उलट तेथून हवा आंत शिरते आणि रात्रभरांत डिझेल टाकीकडे परत उतरतें. सकाळीं हातपंप मारून एअर काढली कीं एंजिन लगेच लागतें आणि दिवसभर बिनतक्रार चालतें. हें लक्षण दिसलें कीं दोष ओढीच्या नळींत आहे असें बहुधा समजावें.

आमच्याच एका जुन्या ट्रॅक्टरचा अनुभव येथें सांगतों. पहांटे तो अडूं लागला. एका कारागिरानें पंप झिजल्याचें सांगितलें. आम्हीं पंप काढून दिला, ऐन हंगामांत आठ दिवस ट्रॅक्टर बसून राहिला, मोठी रक्कम खर्ची पडली, आणि पंप बसविल्यानंतर दुसऱ्याच सकाळीं पुन्हां तोच प्रकार! शेवटीं आम्हीं स्वच्छ डिझेलचा डबा एंजिनपेक्षां उंच टांगला व त्यांतून नवी नळी थेट फीड पंपास जोडली. रात्रभर तसेंच ठेविलें. सकाळीं पहिल्याच सेल्फला एंजिन लागलें. टाकीकडील रबरी नळी एका पट्टीखालीं चिरलेली निघाली. ही डब्याची परीक्षा आधीं केली असती तर आठ दिवस व तो सर्व खर्च वांचला असता.

पंपाविषयीं एक खूण ध्यानांत ठेवावी. फिरत्या जातीचा पंप झिजला म्हणजे बहुधा एंजिन तापल्यावर सुरू होण्यास अडतें, कारण तापून पातळ झालेलें डिझेल झिजलेल्या फटींतून निसटतें. गार असतांना अडणें व तापल्यावर चटकन लागणें, ही खूण सहसा पंपाच्या झिजेची नव्हे.

पांढरा धूर असेल तर उष्णता व दाब पाहावा

जुन्या डिझेल जीपगाड्यांत, उदाहरणार्थ प्यूजो जातीच्या एंजिनाच्या महिंद्र जीपमध्यें, डिझेल आधीं लहान कोठडींत पेटतें. अशा एंजिनास हीटर प्लग असतात व सकाळीं त्यांचा आधार लागतोच. प्रत्येक प्लगची वायर सोडवून प्लगला वीज जाते कीं नाहीं व प्लगमधून ती वाहते कीं नाहीं, हें पाहावें. चारांतील दोन जळले असतील तर एंजिन आधीं दोनच सिलिंडरांवर लंगडत चालतें. पुष्कळ ट्रॅक्टरांत डिझेल थेट सिलिंडरांत उडतें; त्यांस आपल्या हवेंत हीटरची गरज सहसा पडत नाहीं.

हीटर ठीक असतील किंवा नसतीलच, तर पुढील क्रम धरावा. प्रथम टॅपेटची फट मोजावी. ती फार कमी झाली असेल तर झडप पुरती बसत नाहीं व दाब निसटतो. नंतर नोझल काढून चांचणी यंत्रावर पाहावेत. फवाऱ्याऐवजीं धार किंवा थेंब पडत असतील तर तें डिझेल पेटत नाहीं. ही चांचणी कारागिराकडेच करावी, व फवाऱ्याजवळ हात कधींहि नेऊं नये. त्या दाबाचें डिझेल कातडींतून आंत घुसतें. मग पंपाचें टायमिंग पाहावें. सर्वांत शेवटीं प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजावा व त्या एंजिनाच्या पुस्तकांतील आंकड्याशीं ताडून पाहावा. ब्रीदरमधून धुराचे लोट येत असतील, तेल वरचेवर घटत असेल आणि दाबहि कमी भरत असेल, तरच रिंगा-लायनरचा खर्च काढावा.

काय करूं नये

ईथरचा फवारा मारून एंजिन सुरू करूं नये. हीटर तापलेला असतांना तो भडकतो, आणि अवेळीं झालेल्या स्फोटानें रिंगा व पिस्टन फुटतात. पेटतें फडकें हवेच्या तोंडाशीं धरणें हाहि तसाच अविचार होय. सेल्फ एका वेळीं दहा-पंधरा सेकंदांपेक्षां अधिक मारूं नये. मध्यें एखादें मिनिट विसांवा द्यावा. तपासणीच्या वेळीं गिअर मोकळा व ब्रेक लावलेला असावा, आणि बंद छपरांत एंजिन चालवूं नये.

शेवटीं एक विनंती. गाडीवर एक लहान वही ठेवावी. सकाळीं किती सेल्फ मारावे लागले, धूर कोणता होता, हातपंप मारावा लागला काय, एवढें आठ दिवस लिहावें. ती वही कारागिरापुढें ठेवली म्हणजे त्यालाहि अंदाजानें सांगावें लागणार नाहीं व आपल्यालाहि अंदाजानें पैसे मोजावे लागणार नाहींत. पिकावर रोग दिसला कीं आपण आधीं पान उलटून पाहतों आणि मगच औषध आणतों. एंजिनाच्या बाबतींतहि तोच शिरस्ता ठेवावा, म्हणजे ट्रॅक्टर उतारावर उभा करण्याची पाळी येणार नाहीं.